अडखळत वाचलंत तरी चालेल

वाचक आईचं पत्र, थोडक्यात :

"मी इचलकरंजीत राहते, घरी ब्लाऊज-गाऊन शिवते. मालक यंत्रमागावर आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. मुलगा साडेपाच वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या सीनियर केजीत. मुलगी दोन वर्षांची. सासूबाई आमच्यातच असतात. मुलाला वाचनाची गोडी लागावी म्हणून प्रदर्शनातून ९०० रुपयांचा १२ पुस्तकांचा संच आणला. तो दोन मिनिटं चित्रं बघतो आणि पळतो. ट्रकचं एक पुस्तक तेवढं रोज मागतो. त्यातलं अक्षर विचारलं की पुस्तकच मिटून टाकतो. वर्गातली दोन-तीन मुलं शब्द वाचायला लागली आहेत. मालक म्हणतात, मराठी कशाला, इंग्रजी वाचू दे. सासूबाई रोज त्याच त्या चिमणी-कावळ्याच्या गोष्टी सांगतात, त्यात वेळ जातो. जेवताना दोघांनाही मोबाइल लागतो. काय करू? आणि एक. मी दहावीपर्यंतच शिकले. मोठ्यानं वाचताना अडखळते. सासूबाई आणि शेजारच्या ऐकतात, मला लाज वाटते."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी 'आणि एक' म्हणून जे लिहिलंय, तिथूनच सुरुवात करते. माझ्या मते बाकीच्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात २२ वर्षं मुलांचा विभाग सांभाळला. दर शनिवारी दुपारी गोष्टी वाचून दाखवायचे. मुलांना सोडायला आलेल्या आया दाराशी उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, आज तुम्ही वाचा ना. लगेच पदर सावरत दोन पावलं मागे जायच्या. "नको बाई, आम्हाला कुठं तुमच्यासारखं येतंय." त्यात दहावी झालेल्या होत्या आणि पदवीधरही होत्या. शाळेत उभं राहून धडा वाचताना चुकलं की हसणारा वर्ग आणि ओरडणारे गुरुजी, हे वीस-वीस वर्षं डोक्यातून जात नाही. पुस्तक हातात घेतलं की आपण पुन्हा त्या वर्गात उभ्या असतो.

तुमचंही तेच होतंय. तुम्ही पुस्तक उघडता आणि मनातल्या मनात परीक्षेला बसता. त्याच पुस्तकावर लेकाची परीक्षा घेता : हे कुठलं अक्षर, हा कोण, हा रंग कुठला. एका पुस्तकापुढे दोघं परीक्षार्थी बसले, तर त्यातला लहान जो असेल तो पळणारच. पळता येतं त्याला. मी आज एवढंच मागते आहे, की तुमच्या घरात पुस्तक उघडलं की परीक्षा सुरू होते ती बंद करा. त्याची आणि तुमचीही.

तुम्ही अडखळता ते त्याला ऐकूच येत नाही, ताई. साडेपाच वर्षांच्या मुलाला ऐकू येतो तो आईचा आवाज, आणि लागते ती आईची मांडी. दिवसभर मशिनवर वाकलेली आई मशिन बंद करून माझ्यासाठी बसली, एवढं त्याला कळतं. 'आश्चर्यचकित' शब्द तुम्ही दोनदा मागे येऊन वाचलात, तर त्याला तो शब्दच जरा गमतीचा वाटेल. हवं तर दुपारी एकटी असताना पुस्तक एकदा चाळून घ्या, अवघड शब्द दोनदा ओठात फिरवा. मीसुद्धा शनिवारची गोष्ट शुक्रवारी रात्री मोठ्यानं वाचून बघायचे, अगदी शेवटच्या वर्षापर्यंत.

आणि पुस्तकातली भाषा तशीच्या तशी वाचलीच पाहिजे असंही नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुलांची बरीचशी मराठी पुस्तकं प्रमाण भाषेत असतात. 'हत्ती धावत धावत गेला आणि चिखलात रुतला.' तुमच्या घरात कुणी 'धावत' जात नाही, तुमच्याकडे 'पळत' जातात. 'रुतला'ला तुमच्या सासूबाई काय म्हणतील? "गाळात अडकला बघ." मग मुलाला पहिल्यांदा सांगताना तसंच सांगा. "त्यो पळत सुटला, आणि गाळात अडकला बघ!" त्याला हत्तीची फजिती लगेच दिसेल. चौथ्या-पाचव्या वेळी छापलेलं वाक्य वाचा. तोवर गोष्ट त्याची झालेली असते, आणि 'रुतला' हा शब्द अर्थासकट त्याच्याकडे चालत येतो. अशा रीतीनं त्याला दोन मराठी मिळतात, घरची आणि पुस्तकाची. घरची मराठी चुकीची आणि पुस्तकातली बरोबर, असं मात्र त्याच्यासमोर कधी म्हणू नका. ज्या भाषेत आई बोलते ती चुकीची, असं ज्या मुलाला वाटतं, ते वर्गात तोंड उघडायला घाबरतं. अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता अक्षरांची काळजी. वर्गातली मुलं शब्द वाचतात आणि आपला लेक वाचत नाही, म्हणून पोटात गोळा येतो, हे मला कळतं. पण आपली लिपी मुलाकडून काय काय मागते ते एकदा त्याच्या नजरेनं बघा. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०० च्या वर आकार झाले. जोडाक्षरं अजून दूरच आहेत. त्यात घ आणि ध, भ आणि म, ब आणि व हे एकमेकांचे जुळे भाऊ. 'किल्ला' लिहिताना वेलांटी क च्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. र तर चार कपडे घालून फिरतो : 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'चक्र'मध्ये पायाशी तिरपा, 'दऱ्या'मध्ये वेगळाच, आणि चौथा तुमच्या लेकाच्या लाडक्या 'ट्रक'मध्ये, ट च्या खाली घराच्या छपरासारखा. शाळेच्या मराठी पुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतो. २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी तीच वळणं ठरवली आहेत. पण मोबाइलवर आणि कितीतरी पाट्यांवर ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात. आपल्या नजरेला ते जाणवतही नाही. मुलासाठी मात्र ती दोन वेगळी चित्रं असतात. हे सगळं शिकायला दुसरी-तिसरीपर्यंत वेळ लागतो आणि लागू द्यावा. शिवाय तुमच्या लेकाला शाळेत ए-बी-सी-डी चालू आहे. साडेपाचाव्या वर्षी तो मराठी शब्द वाचत नाही, यात काळजी करण्यासारखं काहीही नाही.

एवढं मात्र बघा : पुस्तक अगदी नाकाजवळ धरतो का, टीव्हीच्या फार पुढे जाऊन बसतो का, मागून हाक मारली तर वळतो का. शंका आली तर डोळे-कान एकदा तपासून घ्या. आणि तिसरीच्या सुमारास, आठ वर्षांचा झाल्यावरही अक्षरं सतत उलटसुलट होत असतील, वाचताना फार दमत असेल, तर तेव्हा तज्ज्ञांना दाखवायचं. त्याच्या आधी त्याच्यावर 'मागे आहे' असा शिक्का बसू देऊ नका. शेजारच्या बोलल्या तरी.

मग वाचून दाखवण्याचा अक्षरांशी संबंध काय? फार जवळचा आहे. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. च एकच लिहितो, पण पहिल्यात जीभ वेगळी लागते आणि दुसऱ्यात वेगळी. पुस्तकात त्याची कुठलीच खूण नसते. मग मुलाला कसं कळतं? ज्यानं 'म्हशीला चारा घाल' हे शंभरदा ऐकलंय, तो 'चारा' शब्द अडखळत जुळवतो आणि त्याचा कान लगेच सांगतो, अरे, हा तो आपला चारा. ज्यानं ऐकलेलंच नाही, तो नुसती अक्षरं जोडत बसतो आणि जोडून झाल्यावरही त्याच्या हाती काही लागत नाही. वाचता येऊ लागण्याआधीची ही सगळी वर्षं कानात शब्द साठवण्याची आहेत.

म्हणूनच तुमच्या सासूबाईंच्या गोष्टींत वेळ जातो, या वाक्यापाशी मला तुमचा हात धरून थांबवावंसं वाटतं. शेणाचं घर आणि मेणाचं घर, 'थांब माझ्या बाळाला तीट लावते', भोपळ्यात बसून टुणुक टुणुक जाणारी म्हातारी. या गोष्टींत वाचनाचा पाया आहे. पुढे काय होणार याची वाट बघणं, तेच वाक्य पुन्हा आल्यावर आपणही त्यात सूर मिसळणं, न दिसणारी चिमणी डोळ्यांसमोर आणणं. पुस्तक वाचणारा माणूस याहून वेगळं काय करतो? त्या गोष्टी बंद करू नका, उलट सासूबाईंना सांगा की तुमच्या गोष्टीचं आम्ही पुस्तक करणार आहोत. जुन्या वहीतली कोरी पानं काढा, चार पानं मधोमध दुमडून सुईदोऱ्यानं टाचा. तुमच्याइतकं चांगलं हे काम कोण करणार? आजींनी सांगायचं, तुम्ही प्रत्येक पानावर एक ओळ लिहायची, अगदी आजी म्हणतील तशीच. चित्रं लेकानं काढायची. चिमणी बटाट्यासारखी आली तर येऊ द्या. वर नाव लिहा : गोष्ट आजीची, चित्रं अमक्याची. आमच्या वाचनालयात मुलांनी केलेल्या अशा पुस्तकांचा एक वेगळा कप्पा होता, आणि त्यातलीच पुस्तकं आधी फाटायची, इतकी हाताळली जायची. आपल्या आजीचं बोलणं कागदावर उमटतं आणि उद्या पुन्हा तसंच्या तसं वाचता येतं, हे मुलाच्या ध्यानात येतं तो क्षण फार मोठा असतो. लिहिणं-वाचणं म्हणजे काय ते त्याला तिथं समजतं.

ट्रकचं पुस्तक. रोज तेच मागतो म्हणून तुम्ही काळजीत आहात, आणि मला तर ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी यायची. ओळीनं सात शनिवार तिनं एकच पुस्तक घरी नेलं. आठव्या शनिवारी मी ते सगळ्यांना वाचून दाखवत होते. घाईत होते, पान उलटलं आणि पुढची ओळ वाचू लागले. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू 'मग' म्हणाली नाहीस." मी मागचं पान उघडलं. ओळीच्या सुरुवातीला खरंच एक 'मग' होता. तिला एकही अक्षर ओळखता येत नव्हतं. पण त्या पानावर त्या जागी काहीतरी आहे आणि ते दर वेळी तेच असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे दीड वर्षानं ती स्वतः वाचायला लागली, तेव्हा पहिल्यांदा तेच पुस्तक मागून घेतलं.

तेव्हा ट्रकचं पुस्तक पन्नासदा वाचा. तुम्हाला कंटाळा येईल, तो मला ठाऊक आहे, तरी वाचा. अधूनमधून ओळीतला शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका, नुसतं थांबा. तो म्हणेल. नाही म्हणाला तर आपणच म्हणून पुढे जायचं, 'सांग ना' म्हणायचं नाही. आणि 'ट्रक' हा छापलेला शब्द तो एक दिवस चित्रासारखा ओळखेल, ट च्या खालच्या छपरासकट. तेव्हा लगेच 'मग यातला ट कुठला?' असं विचारायचा मोह होईल. आवरा.

हा मोह काय असतो ते मी स्वतः भोगलंय. माझी लेक चार वर्षांची असताना मी रोज तिला पुस्तक घेऊन बसवायचे, आणि प्रत्येक पानावर प्रश्न. वाचनालयातल्या बाईंची मुलगी, तिला लवकर यायला हवं, हा माझा हट्ट. महिनाभरानं पुस्तकंच दिसेनात. दसऱ्याच्या आवराआवरीत पलंगाखालची ट्रंक ओढली, तर मागे भिंतीला टेकवून पाच पुस्तकं नीट रचून ठेवलेली. फाडली नव्हती, टाकली नव्हती, माझ्यापासून लपवली होती. मी ती पुन्हा तिच्या हाताला येतील अशी ठेवली आणि त्यानंतर वर्षभर एकही प्रश्न विचारला नाही. तिला पुन्हा पुस्तक घेऊन माझ्याजवळ यायला चार महिने लागले. ते चार महिने अजून आठवतात, म्हणून एवढं कळकळीनं लिहिते आहे.

प्रश्न त्यानं विचारले तर खुशाल विचारू द्या. ट्रकवाला जेवतो कुठं, रात्री झोपतो कुठं. अर्धी गोष्ट तिथंच राहिली तरी चालेल. मध्येच उठून पळाला तर तुम्ही धाकटीला घेऊन वाचत राहा. पळालेलं मूल दाराआडून ऐकत असतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

ताराबाई मोडकांची आठवण येते. त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. घरातही हाच नेम चालतो. मुलाला पुस्तकाकडे ओढत आणण्यापेक्षा ते जिथं असेल तिथं पुस्तक न्या. तो कॉटखाली गाड्या फिरवतोय? ट्रकचं पुस्तक कॉटखाली. तुम्ही मशिनवर आहात आणि तो पायाशी चिंध्या गोळा करतोय? एक पुस्तक तिथंच.

त्या १२ पुस्तकांच्या संचाचं आता काय करायचं ते सांगते. खोक्यात रचून ठेवलेला संच मुलाला दिसत नाही, त्याला नुसत्या कडा दिसतात. त्यातली तीन काढा, नऊ माळ्यावर टाका. उरलेल्या कापडाची, तीन खिसे असलेली एक पट्टी शिवा आणि त्याच्या छातीच्या उंचीवर खिळ्याला अडकवा. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. दोन आठवड्यांनी तीनातलं एक बदला. ट्रकचं बदलू नका. आणि संच प्रदर्शनातून आणलाय, म्हणजे त्यातली काही पुस्तकं तुमच्या लेकाला कधीच आवडणार नाहीत, हेही गृहीत धरा. मोठी माणसं नाही का अर्धवट पुस्तकं सोडत?

वेळ कुठली? झोपताना वाचावं असं सगळीकडे सांगतात, पण तुमच्याकडे पाळ्या बदलतात, त्यामुळे रात्रीचं काही खरं नाही. सासूबाई दिवेलागणीला देवापाशी दिवा लावत असतील. मुलं शुभंकरोति म्हणत असतील तर तिथंच जोडून घ्या. दिवा, शुभंकरोति, मग दहा मिनिटं पुस्तक. ज्या सवयीला आधीच खुंटी आहे, तिच्यावरच दुसरी सवय अडकवावी. घड्याळ लावून नवी वेळ ठरवाल तर आठ दिवसांत मोडेल. एखादा दिवस चुकला तर चुकू द्या, मनाला लावून घेऊ नका.

तुमच्या मालकांचं म्हणणं. त्यांना सांगा, इंग्रजी वाचायला नको असं मी म्हणत नाही. मुलाला ज्या भाषेत चिडता येतं, हट्ट करता येतो, स्वप्नं पडतात, त्याच भाषेत त्याला गोष्टीची चटक लागते. आणि ती एकदा लागली की तो दुसऱ्या भाषेतली गोष्टही तितक्याच भुकेनं शोधतो. माझ्याकडच्या बालविभागात पुढे इंग्रजी पुस्तकं भराभर नेणारी मुलं होती, ती बहुतेक लहानपणी मराठी गोष्टी ऐकलेलीच होती. पण नवऱ्याला पटवण्यात शक्ती घालवू नका, त्यांना काम द्या. सुट्टीच्या दिवशी लेकाला घेऊन एसटी स्टँडवर जायचं आणि पाट्या वाचून दाखवायच्या. कोल्हापूर, सांगली, मिरज. ट्रकच्या मागे काय रंगवलंय ते वाचायचं. आणि माग कसा चालतो ते सांगायचं : धोटा इकडून तिकडे कसा पळतो, दोरा तुटला की काय करतात, सुताची पोती कुठल्या टेम्पोतून येतात. साडेपाच वर्षांच्या मुलाला याहून मोठी गोष्ट नाही, त्यात गाडीही आहे आणि बापही आहे. रातपाळीहून आलेल्या माणसाला पुस्तक वाचायला लावणं अवघड असतं. चहा पिताना दोन वाक्यं सांगणं जमतं.

मोबाइलचं थोडक्यात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत. धाकटी आत्ताच दोनची झालीये, तिची सवय अजून कोवळी आहे. आधी तिच्या ताटासमोरून मोबाइल काढा आणि त्या जागी सासूबाईंना बसवा, गोष्टीसकट. पहिले चार-सहा दिवस जेवण कमी जाईल, रडारड होईल. धीर धरा. थोरल्याच्या बाबतीत एक घास, एक गोष्ट असं करत हळूहळू. पण मोबाइलच्या जागी पुस्तक हातात कोंबू नका, नाहीतर त्याला वाटेल मोबाइल या पुस्तकानंच पळवला.

पुस्तकं फार विकत घ्यायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्या ते अवघड अशा पातळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीवर एका पानाला एखादं वाक्य असतं. तुम्ही स्वतः दुपारी तिथं वाचून सराव करू शकता, आवडली ती गोष्ट संध्याकाळी तोंडी सांगा. विकत घ्यायचं झालं तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं स्वस्त मिळतात, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं हातात घेऊन बघा; तिथं चित्राला शब्दाइतकाच मान असतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, ते दोन-तीन वर्षांनी लेकाच्या हातात पडू दे.

आणि वाचनालय. तुमच्या गावात तर १८७० सालचं आपटे वाचन मंदिर आहे. तुम्ही तिथं कधी गेला नसाल तर त्याचं कारणही मला माहीत आहे. 'आपल्यासारख्यांनी कुठं जायचं तिथं.' ताई, तुमच्याच कोल्हापूर संस्थानानं १९४५ साली, देश स्वतंत्र होण्याआधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तो तुमच्यासारख्यांसाठीच केला होता. एका सकाळी दोन्ही मुलांना घेऊन जा, मुलांची पुस्तकं कुठं आहेत ते विचारा, वर्गणी विचारा. आणि पुस्तक लेकाला निवडू द्या. त्यानं पुन्हा ट्रकचंच उचललं तर मान हलवून घरी घेऊन या. तिथंच स्वतःसाठीही एक घ्या, पाककृतीचं, शिवणाचं, काहीही. तुम्ही ते गॅसजवळ उभ्यानं चाळताना त्याला दिसलात की पुष्कळ झालं.

धाकटी पुस्तक चावत असेल आणि फाडत असेल. या वयात सगळीच करतात. तिला म्हणून दोन जुनी पुस्तकं वेगळी द्या, किंवा कापडाचे चार चौकोन जोडून त्यावर फूल, मासा, गाडी शिवून द्या. आणि थोरल्याचं एखादं पान फाटलं तर ओरडू नका. सेलोटेप काढा, पान जुळवून धरा, आणि एक टोक त्याला धरायला सांगा. फाटलेलं पान जुळवताना तो त्याच्यावर काय छापलंय ते अगदी जवळून बघेल. बघू द्या. काही विचारू नका.

दिवाळीनंतर पुन्हा लिहा. आजींच्या पुस्तकातली चिमणी कशी आली, ते मला कळवा.